एक पंखा, एक पंचा आणि हशा : ओसाकाजवळचे राकुगो संग्रहालय

ओसाकाच्या उमेदा स्टेशनातून हान्क्यू रेल्वेची ताकाराझुकाकडे जाणारी गाडी सुटते. जूसो, मिकुनी, हात्तोरी-तेन्जिन, ओकामाची... एकेक स्टेशन मागे पडत जाते. तुम्हाआम्हाला ही नुसती स्टेशनांची नावे. पण जुन्या विनोदी गोष्टींचा शौकीन असलेला ओसाकाकर ती ऐकून गालातल्या गालात हसेल. कारण याच वाटेने एक बावळट गृहस्थ, गोष्टीतला अर्थातच, रानडुकराचे मटण विकत आणायला पायी निघाला होता! जूसोला तेव्हा पूल नव्हता, नावेने नदी ओलांडावी लागे. हात्तोरीच्या देवळात पाय दुखणारे लोक नवस बोलत. ओकामाची मागे टाकली की आले इकेदा. आज त्याच वाटेला आगगाडीने सुमारे वीस मिनिटे लागतात.

याच इकेदा गावात राकुगोचे संग्रहालय आहे. राकुगो म्हणजे एकाच माणसाने बसल्या जागेवरून सांगायची विनोदी गोष्ट. ही जपानची सुमारे साडेतीनशे वर्षांची जुनी कला. संग्रहालयाचे कागदोपत्री नाव भलेमोठे आहे, 'इकेदा नगरपालिका कामिगाता राकुगो साहित्य प्रदर्शन दालन'. पण गावात सगळे त्याला 'राकुगो म्युझियम' म्हणतात. स्टेशनावर उतरून बाजारपेठेतून रमतगमत चालले तरी दहाएक मिनिटांत पोहोचता येते. २००७ साली ते उघडले. वास्तू लहानशीच, प्रवेश विनामूल्य.

आता गंमत पाहा. संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी, नाणी, दागिने, सिंहासने येतात. पण ज्या कलेत ना नेपथ्य, ना वेशभूषा बदलणे, ना दुसरा नट, त्या कलेच्या संग्रहालयात ठेवायचे तरी काय?

बसल्या जागी सारे गाव

राकुगो सांगणाऱ्या कथेकऱ्याचा सारा संसार म्हणजे एक घडीचा पंखा आणि एक सुती पंचा. अंगात किमोनो. व्यासपीठावर एक चौकोनी गादी, आणि तिच्यावर तो वज्रासनात बसावे तसा टाचांवर बसतो. गोष्ट संपेपर्यंत उठायचे नाही! म्हातारा घरमालक, कजाग बायको, दारुडा सुतार, अगोचर पोरगा, सगळे त्यानेच व्हायचे. एका पात्राचे बोलणे तोंड उजवीकडे करून, दुसऱ्याचे डावीकडे करून. प्रेक्षकांना मग समजावून सांगावे लागत नाही की आता कोण बोलते आहे.

मिटलेला पंखा कधी तलवार होतो, कधी चिलीम, कधी होडीचे वल्हे. तोच पंखा काडीसारखा धरून कथेकरी शेवयांसारखे लांब नूडल्स ओरपायला लागला की समोरच्यांच्या तोंडाला पाणी सुटते. त्यातही बारकावा आहे. तोक्योकडचे बारीक 'सोबा' ओरपण्याचा आवाज वेगळा, ओसाकाचे जाड 'उदोन' ओरपण्याचा वेगळा. पंचाचे पाकीट होते, पत्र होते, भाजलेले रताळे होते. कथेकऱ्यांच्या आपसातल्या बोलीत पंख्याला 'वारा' म्हणतात आणि पंचाला 'मान्दारा'. हा 'मान्दारा' म्हणजे आपले 'मंडल', बौद्ध पूजेतले! संस्कृतातून निघालेला शब्द चीनमार्गे जपानात जाऊन एका पंचाला चिकटला.

हा योगायोग नाही. राकुगोच्या मुळाशी बौद्ध भिक्षूंची प्रवचने आहेत. कथेकऱ्याच्या बसण्याच्या जागेला 'कोझा', म्हणजे उंच आसन, म्हणतात. तोही मूळचा प्रवचनकाराच्या आसनाचाच शब्द. अन्राकुआन साकुदेन नावाच्या भिक्षूने १६२३च्या सुमारास हजारभर चुटक्यांचा एक संग्रह लिहून पुरा केला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'झोप उडवणारे हसू' असा आहे. प्रवचन ऐकता ऐकता भाविकांच्या माना डुलू लागल्या की एखादी हसवणारी गोष्ट सांगायची ही युक्ती आपल्या कीर्तनकारांना कोणी वेगळी शिकवायला नको!

पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस तीन शहरांत तीन माणसांनी पैसे घेऊन गोष्टी सांगायला सुरुवात केली. क्योतोत त्सुयु नो गोरोबेइ, ओसाकात योनेझावा हिकोहाची आणि एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, शिकानो बुझाएमोन. ओसाकाचा हिकोहाची इकुकुनितामा देवळाच्या आवारात गोष्टी सांगे. त्याच्या नावाने १९९१पासून त्याच देवळात दरवर्षी सप्टेंबरमध्ये जत्रा भरते.

मेज का आपटायचे?

क्योतो-ओसाका या भागाला जुने लोक 'कामिगाता' म्हणत आणि इकेदाचे संग्रहालय आहे ते या कामिगाता राकुगोचे. तोक्योच्या राकुगोत नसलेल्या तीन वस्तू इथे दिसतात. एक बुटके लाकडी मेज, त्याच्यापुढे गुडघे झाकणारा छोटासा आडोसा, आणि मेजावर आपटायचे लाकडी ठोकळे. कथेकरी मधूनच डाव्या हाताने ते ठोकळे खाडकन आपटतो. वाटसरू नदी ओलांडून पुढच्या गावाला लागला, आपट! घरातला प्रसंग संपून रस्त्यावरचा सुरू झाला, आपट!

हा खडखडाट कशासाठी? तर एदोतला कथेकरी घरातल्या बैठकीत, जमलेल्या मंडळींपुढे बोले. ओसाकातला बोले देवळाच्या आवारात, रस्त्याच्या कडेला. शेजारी खेळणीवाला ओरडतो आहे, पलीकडे डोंबारी ढोल बडवतो आहे. येणारा-जाणारा थांबला तरच पोट भरणार. मग आवाज करायचा नाही तर काय करायचे? पुढे हे कथेकरी छपराखाली आले, पण मेज त्यांनी सोडले नाही. पडद्यामागून शामिसेन आणि ढोलकीची साथ, तीही गोष्टीच्या ऐन मध्यात, हेसुद्धा ओसाकाचेच वैशिष्ट्य. तोक्योचे रसिक नाके मुरडतात आणि याला भडक म्हणतात. म्हणोत बापडे. ज्याला भाषा येत नाही अशा पाहुण्याला मात्र ओसाकाचीच तऱ्हा जवळची वाटेल, कारण निदान कानांना काहीतरी सापडते.

इकेदाचे रानडुक्कर

संग्रहालय इकेदातच का? कारण राकुगोच्या गोष्टींत या गावाचे नाव अजरामर झाले आहे. त्यातली सर्वांत लाडकी गोष्ट ती रानडुकराची.

ओसाकातल्या एका भोळसटाला थंडीचा विकार जडतो. ओळखीचा एक शहाणा सांगतो, "रानडुकराचे मटण खा. पण ताजे हवे! शिळ्याचा गुण येत नाही. इकेदाला जा, तिथे रोकुदायू नावाचा शिकारी आहे." झाले, स्वारी निघते. वाट विचारण्यातच निम्मी गोष्ट जाते. हा ज्याला त्याला गाठून काय काय विचारतो आणि ऐकणाऱ्याचे डोके उठवतो. शेवटी तो इकेदाला पोहोचतो. घरात मटण लटकलेले असते, पण याला ते नको. "ताजे कशावरून? माझ्या डोळ्यांदेखत मारा." बाहेर बर्फ पडते आहे. शिकारी कुरकुरत त्याला घेऊन डोंगरात जातो. डुकराची जोडी दिसते. शिकारी नेम धरतो, तर हा कानाशी कुजबुजतो, नर चांगला की मादी चांगली? अखेर बार उडतो आणि डुक्कर कोसळते. हा जवळ जाऊन विचारतो, "अहो, हे ताजेच आहे ना?"

शिकाऱ्याचे डोके सणकते. तो बंदुकीच्या दस्त्याने डुकराला दणादण ठोकतो. डुक्कर मेलेले नसतेच, आवाजाने नुसते बेशुद्ध पडलेले असते! ते शुद्धीवर येते आणि तुरुतुरु पळत सुटते. शिकारी बोट दाखवून म्हणतो, "बघा साहेब, किती ताजे आहे!"

इथेच गोष्ट संपते. कथेकरी वाकून नमस्कार करतो आणि उठून जातो. पुढे त्या माणसाचे काय झाले, मटण मिळाले का, थंडी गेली का, काही नाही. या शेवटच्या फटक्याला 'ओची', म्हणजे 'पडणे' म्हणतात, आणि राकुगो या शब्दाचा अर्थही 'पडणारे शब्द' असाच आहे.

इकेदाची दुसरी गोष्ट एका खुळ्या पोराची. काकांनी इकेदाला नवे घर बांधले आहे, त्याची तारीफ करायला बाप त्याला पढवून पाठवतो. खांबाच्या लाकडात गाठीचे एक भोक पडले आहे, त्याची काकांना चिंता. पोराने सांगायचे, "त्यावर अग्निरक्षक देवतेचा ताईत चिकटवा. भोकही झाकेल आणि आगीपासूनही जपणूक होईल." काका खूश होतात. मग पोरगा गोठ्यात जातो. तिथे बैल शेण टाकतो आणि पोराचे लक्ष जाते दुसऱ्याच भोकाकडे. तिथेही तोच ताईत लावा म्हणतो! जपानीत 'हि' म्हणजे आग आणि 'हे' म्हणजे, सभ्य भाषेत सांगायचे तर, पोटातला वारा. 'हि'ची काळजी घ्या म्हणता म्हणता 'हे'ची काळजी घेतली जाते. असा विनोद भाषांतरात निम्मा गळून पडतो हे खरे, पण उरलेल्या निम्म्यावरही खेड्यातला कोणताही पोरगा पोट धरून हसेल.

ज्या दिवसांत हसू आटत होते

संग्रहालयात कथेकऱ्यांच्या वस्तू आहेत, पाट्या आहेत, चित्रे आहेत, जुन्या ध्वनिमुद्रिका आहेत. या ध्वनिमुद्रिकांवरून आठवण होते ती पहिल्या कात्सुरा हारुदान्जीची. १८७८ ते १९३४ हा त्याचा काळ. ओसाकाचा हा लाडका कथेकरी अफलातून होता. १९२६मध्ये त्याने तांदळाच्या कुरकुरीत पापडावर आपली गोष्ट मुद्रित करून विकायला काढली. आधी वाजवा, मग खाऊन टाका! धंदा सपशेल बुडाला. १९३०मध्ये तो आपल्या कंपनीला न विचारता आकाशवाणीवर बोलला. लोक घरबसल्या ऐकायला लागले तर थिएटरात कोण येईल, अशी कंपनीला धास्ती. तिने त्याच्या घरातल्या सामानावर जप्ती आणली. पठ्ठ्याने काय करावे? जप्तीची चिठ्ठी आपल्या तोंडावर चिकटवली आणि फोटो काढून घेतला. सर्वांत किमती माल तोच ना!

हसण्याचे दिवस मात्र संपत आले होते. दोघांनी उभे राहून पटापट सवाल-जवाब करायचा 'मानझाई' हा प्रकार १९३०नंतर ओसाकात वणव्यासारखा पसरला. सूटबूट घातलेली जोडी, रोजच्या बातम्यांवरचे विनोद. त्यांच्यापुढे टाचांवर बसून जुन्या गोष्टी सांगणारा म्हातारा कोणाला हवा होता? थिएटरांतून राकुगो हळूहळू हद्दपार झाले. पाचवा शोफुकुतेइ शोकाकु याने हट्टाने १९३६ ते १९४० एक मासिक चालवले आणि जेवढ्या जमतील तेवढ्या गोष्टी कागदावर उतरवून ठेवल्या. मग युद्ध आले. १९४५च्या बाँबहल्ल्यांत ओसाकाची थिएटरे जळाली. जुने कथेकरी एकामागून एक गेले. ओसाकाचे राकुगो मेले, असे लोक उघड म्हणू लागले.

अशा वेळी, १९४७मध्ये, एक तरुण चौथ्या कात्सुरा योनेदान्जीचा शिष्य झाला. त्याचे नाव पडले कात्सुरा बेइचो. नोकरी सोडून मरणाच्या वाटेवरची कला शिकायची म्हणजे वेडेपणाच. गुरूने त्याला बजावले होते, कलावंताला तांदळाचा एक दाणा पिकवता येत नाही की एक खिळा घडवता येत नाही, आणि तरी तो चांगली दारू पितो. जगाची परतफेड त्याने कलेतूनच करायची. शेवट वाईट होणार हे आधीच धरून चाल. गुरू १९५१मध्ये, वयाच्या ५५व्या वर्षी गेला.

राकुगो पुस्तकातून शिकायचे नसते. गुरू एक गोष्ट तीन वेळा सांगतो, शिष्याने ऐकायची आणि मग म्हणून दाखवायची, अशी जुनी रीत. म्हणजे म्हातारा मेला की त्याच्याबरोबर गोष्टही मेली! बेइचोने म्हणून निवृत्त कथेकऱ्यांची घरे पालथी घातली. कोणाला सुरुवात आठवे, कोणाला मधला एखादा विनोद, कोणाला फक्त शेवट. ते तुकडे त्याने सांधले, जुने संदर्भ कळेनासे झाले होते तिथे नवे घातले आणि लोकांपुढे ठेवले. त्याच्या बरोबरीने आणखी तिघे झटले, सहावा शोकाकु, पुढे पाचवा बुन्शी झालेला कोबुन्शी, आणि तिसरा हारुदान्जी. १९५७मध्ये कामिगाता राकुगो संघ स्थापन झाला तेव्हा त्याचे सभासद होते फक्त १८. आज ही संख्या अडीचशेच्या वर आहे. पूर्वी पुरुषांचीच असलेल्या या कलेत त्सुयु नो मियाको १९७४मध्ये आली, आणि २०२१मध्ये एनएचकेची नवोदितांची स्पर्धा ओसाकाच्या कात्सुरा नियोने जिंकली. ती जिंकणारी ती पहिली स्त्री. बेइचोला १९९६मध्ये जपान सरकारने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला.

पाट्या आणि कंदील

एवढे होऊनही ओसाकाला राकुगोचे हक्काचे थिएटर नव्हते. ते झाले २००६मध्ये, तेन्मांगू देवळाला लागून, युद्धानंतर सुमारे साठ वर्षांनी. देवळाने जागा दिली आणि पैसा लोकांनी. वर्गणी देणाऱ्यांची नावे लिहिलेले कंदील छताला ओळीने टांगलेले आहेत. श्रोत्याने वर पाहिले तर आपलेच नाव दिसावे! या खटाटोपाचा म्होरक्या होता कात्सुरा सान्शी, २०१२मध्ये सहावा कात्सुरा बुन्शी झालेला. त्याचे इकेदाशी जवळचे नाते. संग्रहालय उघडले ते पुढच्याच वर्षी.

म्हणूनच या संग्रहालयात काचेच्या कपाटांइतकेच महत्त्व आहे छोट्या व्यासपीठाला. तिथे कथेकरी येऊन गोष्टी सांगतात, आणि गावातली हौशी मंडळीही शिकतात. २००९पासून इकेदात हौशी कथेकऱ्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरते, परीक्षकांच्या प्रमुखपदी बुन्शी. दिवसभर कचेरीत फायली उपसणारा माणूस किमोनो चढवून गादीवर बसतो आणि रानडुकराच्या मागे धावतो. काहींचे विनोद पडतात, काहींचे शब्द अडखळतात. त्याला इलाज नाही. गोष्टी जिवंत राहायच्या तर त्या पुष्कळांच्या तोंडी असल्या पाहिजेत, मग काही तोंडे बेसूर निघायचीच.

वरच्या मजल्यावर जुने कार्यक्रम ऐकण्या-पाहण्याची सोय आहे. जपानी न येणाऱ्यानेही तिथे थोडा वेळ बसावे. शब्द कळणार नाहीत. पण म्हातारी बोलते आहे की पोरगा, दारू गरम आहे की गार, चोर दार ढकलतो आहे की सरकवतो आहे, हे कळते. आणि मग सगळे हसतात तेव्हा, का कोण जाणे, आपणही हसतो.

बेइचोने तुकड्यातुकड्यांतून पुन्हा उभी केलेली एक गोष्ट आहे, यमलोकाच्या सहलीची. पुरी सांगायला तासापेक्षा जास्त वेळ लागतो. मेलेली माणसे घोळक्याने नरक पाहायला निघतात, जणू काही यात्रा कंपनीबरोबर. जपानी यम, ज्याला तिथे 'एम्मा' म्हणतात, तो मूळचा आपल्याकडचाच. वाटेत नरकातली थिएटरे लागतात. तिथल्या पाटीवर जुन्या सगळ्या मोठ्या कथेकऱ्यांची नावे झळकत असतात, कारण सगळे मेलेले! वाचता वाचता एक मेलेला माणूस थबकतो.

"कात्सुरा बेइचो? अहो, हा तर अजून जिवंत आहे ना?"

"नीट बघा. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, 'लवकरच येत आहेत'."

स्वतः बेइचो हे सांगत असे तेव्हा प्रेक्षागृह हशाने दणाणून जाई. १९ मार्च २०१५ रोजी, वयाच्या ८९व्या वर्षी, तो गेला. गोष्ट त्याच्या मागे राहिलेले सांगतात. त्या पाटीपाशी आले की सांगणारा कधी कधी आपलेच नाव घालतो, आणि खाली तीच बारीक अक्षरे वाचून दाखवतो.